पात्राच्या पाकिटात किती पैसे आहेत?

दिवाळी अंकांच्या कथा आषाढात वाचायला लागतात. एका अंकाच्या कथास्पर्धेची पहिली चाळणी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे बाहेर पालख्या निघालेल्या असतात आणि माझ्या टेबलावर कुणाची तरी नरकचतुर्दशी उजाडलेली असते. निकाल लागला की फोन सुरू होतात. ‘मॅडम, माझ्या कथेत काय कमी पडलं?’ असं विचारणाऱ्यांत कॉलेजातली मुलं असतात, निवृत्त मुख्याध्यापक असतात, दुपारी घरातली माणसं झोपल्यावर दबक्या आवाजात बोलणाऱ्या बायका असतात. त्यांना मी तुकड्यातुकड्यानं जे सांगत आले ते एकदा ओळीनं लिहून काढावं म्हणून हा खटाटोप. मी साहित्याची प्राध्यापक नाही. माझी नोकरी तालुक्याच्या गावी बँकेत झाली, त्यातली बरीचशी सोनेतारणाच्या खिडकीवर. कथा त्याच काळात लिहिल्या. म्हणून हे नियम त्या खिडकीतून दिसलेले आहेत. पटतील तेवढे घ्यावेत.

१. पात्राचं पोट कशावर चालतं ते आधी ठरवा.

स्पर्धेला येणाऱ्या कितीतरी कथांत कुणालाच काही काम नसतं. नायक गॅलरीत उभा असतो. नायिकेच्या हातातला चहा गार होत असतो. दोघंही भूतकाळात. त्या फ्लॅटचा हप्ता कोण भरतं, गॅस संपला तर दुसरं सिलिंडर आहे का, आज सोमवार आहे तर हा माणूस घरी कसा, कशाचाच पत्ता नाही. अशा कथेचा लेखक फोनवर आला की मी एकच विचारते : त्याच्या पाकिटात आत्ता किती पैसे आहेत? बहुतेक जण हसतात. मग गप्प होतात. एका मुलीनं मात्र पटकन सांगितलं, ‘दोनशेची एक नोट आहे, पण फाटकी आहे.’ त्या मुलीला पुढे काही सांगावं लागलं नाही. फाटकी नोट खपवायला तिचा नायक घराबाहेर पडला आणि कथा चालू लागली.

माझ्या खिडकीवर हे रोज दिसायचं. मृग तोंडावर आला, की बी-खतासाठी सोनं गहाण ठेवायला रांग लागायची. नवरा-बायको जोडीनं यायचे. बोलायचा नवरा, पिशवी बायकोच्या हातात. सराफ दागिना कसोटीच्या दगडावर घासायचा, खड्यांचं आणि आतल्या लाखेचं वजन वजा करायचा, मग निव्वळ सोन्याचा आकडा सांगायचा. आकडा नेहमीच घरच्या अंदाजापेक्षा कमी निघायचा. तेव्हा नवरा सराफाकडे बघायचा आणि बायको नवऱ्याकडे. दागिना तिच्या माहेरचा असेल तर ती एका तऱ्हेनं बघायची, सासरचा असेल तर दुसऱ्या तऱ्हेनं. मंगळसूत्राच्या वाट्या काढून दिल्या तर गळ्यातली काळी पोत तशीच राहायची, कुणी तिच्यात हळकुंड ओवून घ्यायचं. कर्जाच्या अर्जावर सही कुणाची, पैसे कुणाच्या खात्यात, सोडवताना कोण येणार, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या घराची सगळी रचना कळायची. ‘तुमचं एकमेकांवर प्रेम आहे का’ असं विचारायची गरजच नसायची.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या दृष्टीनं पुन्हा वाचून बघा. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो. वाडी मेंढरांवर जगते, हे माडगूळकर आपल्याला पानापानातून दाखवतात : मेंढरं कधी बाहेर पडतात, कोण राखतं, पोरं शाळेत का येत नाहीत. त्यामुळे शेवटी दुष्काळ पडतो तेव्हा लेखकाला गळा काढावा लागत नाही. चारा नाही एवढं कळलं की पुढचं सगळं वाचकच ओळखतो, कारण वाडीचा जमाखर्च त्याला आता तोंडपाठ असतो.

मी म्हणते तो मुद्दा एवढाच आहे. कथेत भावना लिहायच्या नसतात, माणसामाणसांतला व्यवहार लिहायचा असतो. मराठी मध्यमवर्गाला व्यवहार हा शब्द जरा खालचा वाटतो, म्हणून आपल्या कथा हळव्या होतात. खालच्या सगळ्या नियमांचं मूळ हेच आहे.

२. पावसानं सुरुवात करू नका.

एवढंच. छत गळत असेल तर चालेल, पण मग पत्रे कुणी आणले तेही सांगा.

३. कामाच्या जागी जाऊन उभे राहा.

घरात बसून माणसाच्या कामाची कल्पना करता येत नाही. ऊसतोडणी कामगारावर कथा लिहायची असेल तर फडावर जा. पहाटे किती वाजता कोयता चालू होतो, मोळी कोण बांधतं, उचल कुणाच्या नावावर घेतली आहे, हे बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. या एका गोष्टीतून किती कथा निघतील याचा विचार करा : बाई बाळंतीण झाली की कोयता अर्धा होतो आणि मुकादमाचा हिशेब पुराच राहतो. हे मी घरात बसून कधी शोधून काढलं नसतं. उचलीच्या कागदावर अंगठा उठवायला आलेल्या माणसांनी मला सांगितलं.

दि. बा. मोकाशी रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करत. वारीवर लिहायचं ठरवलं तेव्हा ते पालखीबरोबर चालले, आणि ‘पालखी’ (१९६४) लिहिलं. त्या पुस्तकात भक्तीबद्दल मोठी विधानं फारशी नाहीत. मुक्काम आहेत, जेवणं आहेत, माणसं आहेत, पायाचे फोड आहेत. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला होते आणि लिहीत होते कोकणातल्या हर्णै-दापोलीकडचं. लहानपणी पाहिलेलं त्यांना आयुष्यभर पुरलं. म्हणजे जाऊन उभं राहायचं ते आत्ताच, असंही नाही. आधी कधीतरी उभे राहिला असाल तर तेही भांडवलच. अण्णा भाऊ साठ्यांचं शालेय शिक्षण जवळपास नव्हतंच, पण वाटेगावापासून मुंबईच्या गिरणीपर्यंत त्यांनी जे पाहिलं त्यातून ‘फकिरा’ (१९५९) आली. ही उदाहरणं मी मुद्दाम देते, कारण ‘मी मराठीचा विद्यार्थी नाही, मला जमेल का’ असा प्रश्न मला हमखास येतो. मराठी घेऊन एम. ए. झालेल्यांच्या कथाही मी वाचते, म्हणून खात्रीनं सांगते, जमेल.

४. बोली ऐकून लिहा. मालिकेतून घेऊ नका.

टीव्हीनं एक गावरान भाषा तयार केली आहे. ती कोणत्याच गावात बोलत नाहीत. ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘आरं’ पेरलं की खेडं झालं, असं समजणाऱ्यांच्या कथेत जळगावचा शेतकरी साताऱ्याचं बोलतो आणि गडचिरोलीची म्हातारी कोल्हापूरचं. नागपूरकडचा माणूस ‘तो काय करून राहिला’ म्हणेल. मालवणी बाई ‘खंय गेल्लंस’ विचारेल. अहिराणी तर तुम्हाला येत नसेल तर लिहूच नका, कारण धुळ्याचा वाचक पहिल्या ओळीत पकडेल. बोली नीट येत नसली तर साधी मराठी लिहावी आणि वाक्यांचा ठेका त्या माणसाचा ठेवावा. ते लबाडीपेक्षा बरं.

त्याहून महत्त्वाची आहेत ती हाक मारण्याची तऱ्हा आणि नाती. सून सासूला ‘आई’ म्हणते, ‘आत्याबाई’ म्हणते की कधी नावच घेत नाही? नवऱ्याला ‘अहो’ की ‘अरे’? माणसांसमोर ‘अहो’ आणि आत ‘अरे’ असेल तर तो बदल कुठल्या दाराशी होतो? चुलत दीर ‘भाऊजी’ असतो तोवर ठीक. वाटणीच्या भांडणात तो एकदम आडनावानं ओळखला जायला लागला, की लेखकानं वेगळं काही सांगायचं उरत नाही.

एक सोपी परीक्षा आहे. संवादांतली ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ झाकून टाका आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला द्या. कोण बोलतंय ते कळलं नाही, तर तुमच्या कथेत एकच माणूस आहे. तो म्हणजे तुम्ही.

५. कमी वाचा, पण पेन्सिल घेऊन वाचा.

वर्षाला शंभर पुस्तकं वाचल्याच्या याद्या हल्ली लोक मिरवतात. लेखकाला त्याचा उपयोग नाही. एक चांगली कथा घ्या आणि समासात खुणा करा : इथे वेळ पुढे गेला, इथे मागे आला, हे पात्र कितव्या परिच्छेदात पहिल्यांदा बोललं, ही गोष्ट वाचकापासून कुठपर्यंत लपवली. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातल्या कथा अशा वाचल्या की कळतं, लेखक संताप व्यक्त करत नाही, परिस्थिती अशी बांधत नेतो की संताप वाचकाला येतो. कमल देसाईंच्या कथेत उलट आहे, तिथे घटना हातातून निसटत राहते आणि आपण तिच्या मागे. जी. ए. कुलकर्णींची कथा मी नवख्यांना सुरुवातीलाच देत नाही. ती वाचून पोरं महिनाभर नियतीवर लिहितात.

पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. आपल्याकडे १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यामुळे आडगावीसुद्धा एखादं अनुदानावरचं वाचनालय सापडतं. कपाटं कुलपात असतात, ग्रंथपाल संध्याकाळी दोन-तीन तासच असतात, पण मागच्या रॅकवर ‘सत्यकथे’चे बांधीव अंक निघण्याची शक्यता असते. ते काढायला सांगा. १९८२ मध्ये बंद पडलेल्या मासिकाचे अंक कुणीतरी मागतंय याचा ग्रंथपालांना इतका आनंद होतो, की चहा मिळतो.

६. कथा ठेवून द्या. मग पहिला परिच्छेद काढा.

भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’ (१९६३) काही दिवसांतच झपाट्यानं लिहून काढली, ही हकिकत प्रत्येक नव्या लेखकाला पाठ असते. मला फोनवर ती ऐकवली जाते, बहुधा ‘मी ही कथा एका बैठकीत लिहिली’ याच्या आधी. ते खरंच असेल. पण कादंबरीच्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकराचं, ते बोलणं नेमाड्यांच्या कानात किती वर्षं चाललेलं असेल, हा हिशेब कुणी करत नाही. त्याच साहित्याच्या इतिहासात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक आहेत, जे लेखकांना सविस्तर पत्रं लिहून एकेका प्रसंगाविषयी विचारत, बदल सुचवत, पुन्हा लिहायला लावत. अनेक चांगल्या मराठी कथा अशा पत्रव्यवहारातून घडल्या. आज असा संपादक मिळणं कठीण, म्हणून ते काम आपलं आपण करायचं.

माझी रीत अशी. कथा झाली की कपाटात. मध्ये एखादा सण जाऊ द्यायचा. परत काढली की पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचायची. बहुतेक वेळा कथा दुसऱ्या परिच्छेदातच सुरू झालेली असते. पहिला फक्त लेखकाचा घसा साफ करण्यासाठी लिहिलेला असतो. मग विशेषणं. ‘उदास संध्याकाळ’ असेल तर ‘उदास’ काढायचं, आणि संध्याकाळही उदास वाटत नसेल तर प्रसंगच चुकला आहे असं समजायचं. नंतर ‘तिला वाटलं’, ‘त्याच्या मनात आलं’ शोधायचं. हे खोडता येत नाही, त्याच्या जागी पात्राला काहीतरी करायला लावावं लागतं. यात वेळ जातो. कथेचा खरा वेळ इथेच जातो.

७. माणसं उचलू नका, व्यवहार उचला.

बँकेत नोकरी करताना ग्राहकाची गोष्ट बाहेर बोलायची नाही, हा नियम पहिल्या दिवशी कळतो. लिहिताना तो मला फार उपयोगी पडला. नाव आणि गाव बदललं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. लग्नाच्या पंगतीत सगळे नातेवाईक ओळखतात. मी नाव बदलत बसत नाही, माणसाचं काम बदलते. दूध संस्थेच्या सचिवाचा शिंपी केला, की त्याचं घर बदलतं, बायकोचं बोलणं बदलतं, उधारी वसूल करण्याची तऱ्हा बदलते, आणि मूळ माणूस आपोआप विरघळून जातो. उरतो तो दोघांमधला पेच, आणि मला हवा असतो तेवढाच.

आपल्या अनुभवापलीकडच्या जातीचं, वस्तीचं लिहावं का, हा प्रश्न हल्ली नेहमी येतो. मनाई कोण करणार? पण दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) आणि लक्ष्मण मान्यांनी ‘उपरा’मध्ये (१९८०) स्वतःचं घर, स्वतःची माणसं नावानिशी उघड्यावर मांडली, त्याची किंमतही मोजली. आपण दुसऱ्याचं दुःख घेऊन बक्षीस मिळवणार असू, तर निदान त्या वस्तीतल्या एका माणसाला कथा आधी वाचून दाखवावी. स्पर्धेच्या परीक्षकाला दाखवण्याआधी.

८. वेळ मिळत नाही हे खरं आहे.

त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मी रद्द झालेल्या छापील फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत असे, मधल्या सुट्टीत. आता मोबाइलवर बोलून टाइप करता येतं, काही जणी भाकऱ्या करताना तसं करतात. मात्र मशीन ‘सासूबाई’चं ‘साबुदाणा’ करतं, तेव्हा पाठवण्याआधी वाचावं.

९. शेवट शोधू नका, हिशेब कुठे बदलला ते बघा.

स्पर्धेच्या कथांचे शेवट तीन-चार ठरावीक असतात. कुणीतरी मरतं. कुणाचं तरी जुनं पत्र सापडतं. सगळं स्वप्न निघतं. नाहीतर नायिका खिडकी उघडते आणि तिला मोकळं वाटतं. हे सगळे कथा संपवण्याचे प्रकार आहेत, त्यात कथा आपणहून संपत नाही.

समजा अशी गोष्ट आहे. गावातल्या धाकट्या भावाच्या बोअरसाठी आईनं आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. बोअरला पाणी लागलं नाही. आई गेली. मोठा भाऊ पुण्याला कंपनीत. दोघं भाऊ आणि मोठी वहिनी बँकेत येतात. एक शेवट असा की मोठा म्हणतो, ‘पाटल्या तुझ्याच बायकोला घाल’ आणि गळामिठी. हा खोटा आहे, कारण मोठ्याच्या फ्लॅटचा हप्ता लेखक विसरला. दुसरा असा की पाकीट उघडल्यावर पाटल्यांबरोबर आईची चिठ्ठी निघते. असं होऊ शकत नाही. पाकीट सराफासमोर भरून त्यावर मोहोर लागते, आत सोन्याशिवाय काही नसतं. पण बँक बघितलेलीच नसली की चिठ्ठी निघते. तिसरा शेवट : वहिनी कर्जाची बाकी विचारण्याआधी पाटल्यांचं वजन विचारते. हा बरा आहे, थोडा कडू आहे. पुष्कळ जण इथे थांबतील, मलाही मोह होईल. पण यात वहिनी वाईट ठरते आणि दोन्ही भाऊ सुटतात.

चौथा शेवट कायद्यातच पडलेला आहे. कर्ज फेडून सोनं न्यायचं तर आईच्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि मुलीही वारस असतात. खिडकीतली बाई विचारते, ‘बहिणीची सही?’ आत्तापर्यंत कथेत बहिणीचं नावही आलेलं नाही. दोघं भाऊ एकमेकांकडे बघतात. तिला कुणी कळवलेलंच नाही, आणि मुळात तिच्याशी बोलणं कुणाचं चालू आहे, हेही दोघांना आठवावं लागतं. कथा इथे सोडावी. आता वाचक मागे जाऊन बघेल की दहा पानांत बहीण का नव्हती, आणि लेखकानं तिला वगळलं की भावांनी, हे त्याला तपासावं लागेल.

असा शेवट सुचत नाही, माहीत असावा लागतो. म्हणून मी तिसरा नियम आधी सांगितला.

१०. पाठवताना.

का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा चालू आहे, आणि तेव्हापासूनच बहुधा कथा उशिरा पोचतात. गणपतीनंतर कथा पाठवू नका, तोवर अंकाची जुळणी झालेली असते. शब्दमर्यादा अडीच हजार असेल तर पाच हजारांची कथा ‘योग्य वाटल्यास संपादित करावी’ अशी टीप लावून पाठवू नका. एकच कथा एकदम पाच ठिकाणी पाठवली आणि दोघांनी छापली, तर दोघांशी कायमचं वाकडं येतं. सोबतच्या पत्रात कथेचा अर्थ समजावू नका. ‘सत्य घटनेवर आधारित’ असंही लिहू नका, त्यानं वाचणाऱ्याचं मत सुधारत नाही. युनिकोडमध्ये टाइप करा, आपली एक प्रत जवळ ठेवा.

आणि मानधन विचारा. मिळेल तेवढं थोडंच असेल, काही ठिकाणी नुसता अंक मिळेल, पण विचारायला लाजायचं कारण नाही. चित्रकार विचारतो, छापखानेवाला तर आगाऊ घेतो. कथेच्या शेवटच्या पानावर, नाव-पत्त्याखाली, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड लिहून ठेवत जा. आकडे दोनदा तपासा. खातं चालू आहे ना, तेही एकदा शाखेत जाऊन विचारा. वर्षानुवर्षं व्यवहार नसला की बँक ते निष्क्रिय करते, आणि मग केवायसीचे कागद घेऊन पुन्हा जावं लागतं. गेलातच तर सोनेतारणाच्या खिडकीसमोरच्या बाकावर थोडा वेळ बसा.